काठासकट पंचवीस

नंदनवन, नागपूर
सोमवार

तीर्थस्वरूप भागीरथाबाईच्या पायाशी धाकट्या भावाचा, नानाजीचा नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा, भारतीचा खोकला गेला, तुझ्या भाच्याला, भूपेशला वाडीच्या गोदामात दिवसपाळी मिळाली आणि माझ्या उजव्या कोपराने खपली धरली आहे. कोपराचं पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? ('बरा आहे' असं कळवू नकोस. परवा अंगणातली मिरची उचलायला तू माहेरी आलेल्या मयुराला हाक मारलीस, ती मला फोनमधून ऐकू आली.) फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या नातीच्या, म्हणजे मयुराच्याच लग्नात तू भर पंगतीत म्हणालीस, "नाना, तू सायकलीनं भिवापूरले येशील, त्या दिवशी मी ऑपरेशनले हो म्हणीन." सगळी पंगत हसली. सदुसष्ट वर्षांचा माणूस आणि सत्तरेक किलोमीटर. मी हसलो नाही. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची सायकल खाली काढली.

आता उमरेड रोडवर काम सुरू आहे आणि जागोजागी गिट्टी पडली आहे. बारीक टायरवर बसलो तर मी भिवापूरला पोचेन, पण पाठ उमरेडलाच उतरून घेईल. म्हणून ठरवलं, टायर रुंद घ्यायचे. भूपेशने दुकानात विचारलं. सव्वादोन इंची टायर हवा असेल तर रिम पंचवीस मिलिमीटर रुंद पाहिजे, असं तिथून कळलं. मी पट्टी लावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर पंचवीस. (चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली आहे, एकदा मोजून माझं समाधान होत नाही. दुसऱ्यांदाही पंचवीसच.) संध्याकाळी भूपेश टायर घेऊन आला. ते कसेबसे चढवले आणि हवा भरली.

बाई, बूड चिमटीत धरलेला फुगा कसा दिसतो, तसा तो टायर रिमवर दिसत होता. भारती म्हणाली, काहीतरी चुकलं आहे. मी म्हणालो, मोजून घेतलं आहे. सरळ रस्त्यावर सायकल झकास चालली. वळणावर मात्र हँडल एकीकडे, टायर दुसरीकडे आणि मी तिसरीकडे. हवा वाढवली तर उडायची, कमी केली तर गाभण म्हशीसारखी डुलायची. तिसऱ्या दिवशी चौकातल्या वळणावर टायर रिमवरच लवंडला आणि मी भाजीच्या गाड्यावर, सांबाराच्या जुड्यांमध्ये जाऊन पडलो; शर्टाला अजून कोथिंबिरीचा वास आहे. भाजीवाली शांतपणे म्हणाली, "काहून गा काका, एवढा मोठा रस्ता कमी पडला काय?" (कोपर इथलं.)

सायकल ढकलत लहानू मिस्त्रीच्या दुकानात नेली. त्याने टायर उतरवला, रिमच्या खाचेत पट्टी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. एकोणीस. मी म्हटलं, माझे पंचवीस आहेत. तो म्हणाला, "रिम आतून मोजा लागते, काका. भात गंजाच्या आत मावते का बाहेर?"

तिथल्या बाकावर बसून मी विचार केला की हे मला का सुचलं नाही. मग बाबा आठवले. उमरेडला मागावरून लुगडं उतरलं की तू एक टोक धरायचीस आणि मी दुसरं, आणि पन्हा काठासकट मोजायचा. एकदा मी काठ सोडून मोजला, तेव्हा बाबा कडाडले होते, "काठ फुकट विणला काय मी?" तेव्हापासून माझ्या हाताने कुठलाच काठ सोडलेला नाही. रिमचाही नाही.

लहानूने आता पावणेदोन इंची टायर बसवला आहे. तो रिमवर असा बसला आहे की जणू तिथेच जन्मला. काल पाचगावपर्यंत जाऊन परत आलो. परतताना चढावर नागपूरची एसटी माझ्याशेजारी हळू झाली, कंडक्टरने दारातून विचारपूससुद्धा केली. मी हात केला नाही. येत्या रविवारी पहाटे निघतो. दुपार होईल, संध्याकाळ होईल, पण येतो. भाकरी झाकून ठेव.

तुझा,
नानाजी

ता. क. माझ्या मागून भूपेश गाडी घेऊन येईल. ती माझ्यासाठी आहे असं भारती सगळ्यांना सांगते आहे, सांगू दे. ती तुझ्यासाठी आहे. परतताना पुढच्या सीटवर तू, मागे मी आणि टपावर सायकल. चार लुगडी पिशवीत भरून ठेव. मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. तू भीत आहेस, हे मला पंगतीतच कळलं होतं.

आणखी एक. ऑपरेशनपर्यंत गुडघ्याला बांधायचा पट्टा मी इथूनच घेऊन येतो. त्यासाठी गुडघ्याचा घेर मोजून मयुराकडून कळव. लुगड्यावरून मोजू नकोस, बाई. काठ सोडून मोज. बाबांना मी सांभाळून घेईन.