दुसरी सही

१४ तारीख, मंगळवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही धडधाकट आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे; काल दूधवाल्याला असं झापलं, की तो बिचारा सायकल विसरून पळाला.

वर्तमानपत्रांना टाळं ठोकण्यावरचा तुझा लेख हातोहात इथे पोचला. एकहाती कारभार बळकावलेल्या साहेबांना चांगलंच सुनावलंस. कॉलेजात ‘बाजार मोकळा, तर माणूस मोकळा’ असं शिकवणारा तू आता म्हणतोस, ‘मी सरकारचा पसारा आवरायला सांगितला होता, लोकांची तोंडं बंद करायला नाही.’ बरं बाबा. पण आपलं भांडण आठवतं का?

तेव्हा आमच्या इस्पितळातली निम्मी माणसं नुकतीच काढली होती. ऑपरेशनची हत्यारं उकळून परत पाठवायची, तर एकीने मोजायची, दुसरीने पुन्हा मोजायची, मग दोघींच्या सह्या. काटकसरीत माझी जोडीदारीण गेली आणि दोन्ही सह्या मीच करू लागले. मी म्हटलं, “मोजणारी मी, बरोबर म्हणणारीही मीच? उद्या देशही असाच एकाच्या सहीवर चालेल.”

तू हसलास. “राईचा पर्वत करतेस. पडताळायला बाजार असतो की! सरकारने उधळपट्टी केली, नोटा कवडीमोल झाल्या, की हुकूमशहा येतो. काटकसरीने नाही.”

“घाबरलेल्या माणसाला बाजार नको असतो, दादा. त्याला कुणीतरी दणकट हवा असतो.”

आई म्हणाली, “दोघं आधी जेवा.”

तर माझंच खरं झालं. फुशारकी मारत नाही. कसं खरं झालं, ते सांगायचं टाळतेय.

साहेब म्हणाले, काढलेल्यांना परत घेऊ. चौकात हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवणारी मीच होते. जोडीदारीण परत येणार होती ना! मग गेल्या आठवड्यात, सोमवारी, नवा अधिकारी आला. नात्यातलं कुणी साहेबांविरुद्ध बोलतं का, नाव-पत्ता लिहा म्हणाला. कागद कोरा ठेवला तर ती येणार नाही, आणि मीही जाणार. मला वाटलं, तुझं नाव लेखावर छापलेलंच आहे, त्यात नवीन काय? पण पत्ता छापलेला नव्हता, दादा. तो मी लिहिला.

खाली दोन चौकोन होते: माहिती देणार, पडताळणार. दुसऱ्यासाठी कुणाला तरी बोलवायचं होतं. मी सवयीने दोन्हीकडे सही ठोकली. “वा, काम वाचवलंत,” तो म्हणाला. ती मेली सवय! शेजारी दुसरी कुणी असती, तर म्हणाली असती, बाई थांब, हा तुझा सख्खा भाऊ आहे. तेव्हापासून जिन्यावर पाय वाजला, की मी उठून दाराची कडी तपासते.

जोडीदारीण काल कामावर आली. तिला सगळं सांगितलं. रागावली, मग म्हणाली, पत्र लिही, मी घेऊन जाते. पोस्टाचा भरवसा नाही. हे वाचलंस की तिच्याबरोबर लगेच बाहेर पड. पुस्तकं राहू देत. वाद नंतर घालू, तू जिंकलास तरी चालेल. फक्त वाद घालायला राहा.

तुझा पत्ता लिहून देणारी,
धाकटी

वाचलं, पडताळलं. सगळं खरं आहे. चला, निघा.
जोडीदारीण