पंतप्रधानांची मिशी

शुक्रवार, २ ऑगस्ट १९९६

ऑफिसातला कॅनेडियन प्रोजेक्ट मॅनेजर ग्रेग सुट्टीवर गेला. जाताना पिशवीभर व्हिडिओ कॅसेट्स माझ्याकडे ठेवून गेला. कोणत्याही देशाची कॅसेट चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर घेतला तेव्हा प्रमिलाने नाक मुरडलं होतं. आज तोच कामी आला.

त्यांच्याकडचा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम आहे. बातम्यांचं टेबल मांडून बसतात आणि पंतप्रधानाची, मंत्र्यांची सोंगं काढतात. एक जण तर खऱ्या मंत्र्याच्या ऑफिसात शिरून त्याची फिरकी घेतो. मंत्री हसतो. पुढच्या आठवड्यात तो माणूस परत टीव्हीवर असतो, हे विशेष.

प्रमिला म्हणाली, इथे आखातात असं कोणी केलं तर पुढच्या आठवड्यात तो विमानात असेल. मी म्हटलं, म्हणूनच तर. त्यापुढे काय ते सुचलं नाही, पण वजन पडलं.

निश्चय: यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात राजकीय विनोद. दरवर्षी तेच फॅन्सी ड्रेस आणि तीच पाककृती स्पर्धा. सांस्कृतिक सचिवाची जागा यंदा रिकामी होतेय, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

विषयावर चिंतन. इथलं राजकारण: प्रश्नच नाही. भारतातलं: कॉन्सुलेटचे पाहुणे येतात, नको. मंडळातलं: अध्यक्ष दत्तप्रसादसाहेब पहिल्या रांगेत बसतात, मुळीच नको.

मग सुचलं. कॅनडाचंच करायचं, मराठीत. हॉलमध्ये कॅनडाचा एकही माणूस नसणार. म्हणजे विनोद धाडसी आणि दुखावणारं कोणी नाही. हे खुद्द कॅनडावाल्यांना जमलेलं नाही.

त्यांचा क्वेबेक नावाचा प्रांत वेगळं व्हायचं म्हणतोय. गेल्या वर्षी मतदान झालं, थोडक्यात वाचले. पंतप्रधान: मी. क्वेबेकचा नागरिक: विघ्नेश. कुडाळचा आहे, तिशीतला, दशावतारात कामं केलेली, आवाज खणखणीत. दत्तप्रसादसाहेबांच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. इथे देरा भागात आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये शेअरिंगच्या खोलीत राहतो. पंतप्रधानापुढे हात जोडून उभा राहायला चेहरा अगदी योग्य.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

पहिली तालीम, आमच्या हॉलमध्ये. विघ्नेशचं लक्ष नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका आलाय. ठकुबाई नाव. एक बाजू गेली, बोलणं अडखळतं. गावी बहीण आहे बघायला, पण आई याचंच नाव घेते. याची सुट्टी कधीची ड्यू आहे. पासपोर्ट मात्र कंपनीच्या लॉकरमध्ये, इथल्या पद्धतीप्रमाणे. दत्तप्रसादसाहेबांकडे मागायला गेला की ते म्हणतात, हॉटेलचं काम हँडओव्हर होऊ दे, मग इन्शाल्ला.

मला म्हणाला, दादा, तुम्ही गुरुवारी त्यांच्याबरोबर रमी खेळता. एक शब्द टाकाल का?

मी म्हटलं, शब्द काय टाकायचा, पासपोर्टच घेऊन येतो. त्याचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. पुढच्या गुरुवारी नक्की.

गुरुवार, २२ ऑगस्ट

दत्तप्रसादसाहेबांकडे रमी. विषय काढणार तेवढ्यात त्यांनी शारजाच्या लोकांचा विषय काढला. शारजावाले वेगळं मंडळ काढून वेगळा गणपती बसवायचं म्हणताहेत. साहेब फारच तापले होते. अशा वेळी पासपोर्ट मागणं म्हणजे माणसाला ओळखता न येणं. शिवाय सचिवपदाबद्दल ते आपण होऊन म्हणाले, सोमनाथराव, तुमच्यासारखा समंजस माणूस हवा. समंजस माणसाने लगेच काही मागू नये.

विघ्नेशला सांगितलं, वातावरण तयार केलंय.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

कमिटीपुढे स्क्रिप्टचं वाचन. दरवर्षीची पद्धत आहे, पास झाल्याशिवाय स्टेजवर काही जात नाही. मी जीव ओतून वाचलं. एकही जण हसला नाही. शेवटी खजिनदार म्हणाले, माहितीपूर्ण आहे. दत्तप्रसादसाहेब म्हणाले, चांगलं आहे, भूगोलही होतो. फक्त पंतप्रधानाने मध्येच स्पॉन्सरचा मँगो ज्यूस प्यावा.

घरी मुलीला वाचून दाखवलं. अस्मिता चौदाची झाली, पण बोलणं तेच, इंग्लिशमध्ये. म्हणाली, बाबा, इट्स नॉट फनी बिकॉज नोबडी केअर्स. मराठीत सांग म्हटलं, तर खांदे उडवून आत गेली.

पासपोर्टचं आज बोलणार होतो. पण नुकतंच स्क्रिप्ट पास केलेल्या माणसाकडे लगेच दुसरं काम नेणं बरं दिसत नाही. पुढच्या गुरुवारी नक्की.

गुरुवार, १२ सप्टेंबर

विचारांती लक्षात आलं की खाजगीत शब्द टाकणं हा मार्गच चुकीचा. कॅनडात काय करतात? स्टेजवरून बोलतात. सत्ताधारी हसतो आणि सुधारतो.

तेव्हा नवा प्रवेश लिहिला. क्वेबेकचा नागरिक पंतप्रधानाकडे येतो: साहेब, आई आजारी आहे, माझा पासपोर्ट द्या. पंतप्रधान म्हणतो: धरणाचं काम हँडओव्हर होऊ दे, मग इन्शाल्ला. लिहिताना माझं मलाच हसू आवरेना.

विघ्नेश नको म्हणाला. आईच्या दुखण्यावर हसणं बरं वाटत नाही म्हणाला, आणि साहेबांना कळेल म्हणाला. मी समजावलं, अरे, क्वेबेक आहे. क्वेबेकच्या आईचा आणि तुझ्या आईचा काय संबंध?  त्याने विचारलं, दादा, तुम्ही साहेबांशी बोललात का? मी म्हटलं, हेच बोलणं आहे. त्याने मान हलवली. कलावंताला पटवावं लागतं.

नवा प्रवेश कमिटीला परत दाखवला नाही. त्यांचा वेळ कशाला घ्या.

शुक्रवार, २० सप्टेंबर, रात्र

 न भूतो असं यश.

मिशी लावली होती. गोंदाने मला पुरळ उठतं म्हणून चिकटपट्टीची आतून घडी करून लावली, युक्ती माझीच. एंट्री घेतली आणि पहिल्या वाक्यालाच हशा. मग हशा थांबेचना. क्वेबेकची लोकसंख्या सांगितली, हशा. मँगो ज्यूस प्यायलो तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी. कमिटीपुढे जे मेलेलं होतं ते जिवंत झालं. शारजावाल्यांना क्वेबेक म्हणजे आपणच असं वाटून ते जास्त हसले असावेत. दत्तप्रसादसाहेब स्वतः डोळे पुसत होते. कॅनडा, बघ.

मग पासपोर्टचा प्रवेश. इथे विघ्नेशने घोळ केला. म्हणायचं होतं, माझी आई क्वेबेकला आहे. म्हणाला, माझी आई कुडाळला आहे साहेब, तिला मला एकदा बघायचं आहे. आणि बघितलं माझ्याकडे नाही, पहिल्या रांगेत. हॉल एकदम गार. पाठ बदलला तर निदान पंतप्रधानाकडे बघून तरी बदलावा. मी प्रसंग सावरला, मिशीला पीळ दिला. परत हशा.

पण खरं यश पुढे. दत्तप्रसादसाहेब स्टेजवर आले, विघ्नेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवरून म्हणाले, याचा पासपोर्ट याला चार दिवसांत मिळेल. टाळ्यांचा कडकडाट. जे एक महिना कोणाच्या बोलण्याने झालं नाही ते विनोदाने एका संध्याकाळी केलं. (बोलायला कोणी गेलं नव्हतं, असं प्रमिला गाडीत म्हणाली. तिला यश सोसत नाही.)

शनिवार, २१ सप्टेंबर

दत्तप्रसादसाहेबांचा फोन. आवाज शांत. विचारलं, तो पासपोर्टचा प्रवेश कोणी लिहिला? मी म्हटलं, कमिटीने पास केलेलं स्क्रिप्ट तुमच्याकडे आहे, त्यात तो नाही. हे शब्दशः खरं आहे. ते म्हणाले, म्हणजे पोराने आपल्या मनाने घातला. मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मग म्हणाले, सचिवपदाचं मीटिंगमध्ये करून टाकू.

समंजसपणाचं चीज झालं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

विघ्नेशला पासपोर्ट मिळाला. शब्दाचे पक्के, साहेब. फक्त आत व्हिसा कॅन्सल्डचा शिक्का आहे, म्हणजे नोकरी गेली. सहा महिने इथे परत यायला बॅनही. खलास. गुरुवारची फ्लाइट.

 

प्रमिलाने विचारलं, तो प्रवेश तुम्ही लिहिला हे तुम्ही साहेबांना सांगितलंत का? मी म्हटलं, आता सांगून व्हिसा परत येणार आहे का? ती म्हणाली, सांगून बघा. निश्चय: साहेबांचा राग उतरला की निवांत सांगायचं. उद्या नक्की.

गुरुवार, २६ सप्टेंबर

प्रमिला आणि अस्मिता विघ्नेशला एअरपोर्टवर सोडायला गेल्या. माझं डोकं दुखत होतं. आल्यावर प्रमिला म्हणाली, तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि म्हणाला, दादांनी प्रयत्न केला.

तिने हे ज्या आवाजात सांगितलं तो मला आवडला नाही. पण विघ्नेशचा मुद्दा बरोबर आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ग्रेग परत आला, कॅसेट्स दिल्या. आम्हीही असा प्रयोग केला म्हटल्यावर त्याने, कसा झाला विचारलं. सगळं सांगितलं, म्हणजे बरंचसं. त्याने विचारलं, त्या पासपोर्टवाल्याचं काय झालं? मी म्हटलं, पासपोर्ट मिळाला, घरी आईकडे आहे. ग्रेग थक्क झाला. म्हणाला, आमच्या कार्यक्रमाने इतक्या वर्षांत कधी कोणाचं काम झालेलं नाही. दिवसभर प्रसन्न होतो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

विघ्नेशचा फोन, कुडाळच्या एसटीडी बूथवरून. आई ओळखते. हात धरून बसते. औषधं चालू आहेत, काम शोधतोय. माझ्यावर राग नाही, उलट एक विनंती. शौकत व्हिडिओवाल्याने कार्यक्रमाचं शूटिंग केलंय, त्याची कॉपी पाठवाल का? सुट्टी मिळत नाही असं आईला सांगायची लाज वाटायची म्हणून तो पत्रात लिहायचा, नाटकात मुख्य काम आहे, ते झालं की येतो. आता ती रोज विचारते, नाटक कसं झालं. बघायचंय म्हणते. शेजाऱ्यांकडे व्हीसीआर आहे.

लगेच हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात खजिनदार कुडाळला जाताहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. नक्की.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

शौकतकडून कॅसेट आली. सहकुटुंब बघायला बसलो.

एंट्रीपासूनच मिशीची डावी बाजू सुटलेली आहे. बोलताना ती तोंडात जाते. क्वेबेकची लोकसंख्या सांगताना ती मी गिळतोय असं दिसतं. मँगो ज्यूसच्या वेळी ती ग्लासात बुडते. पीळ दिला तो हनुवटीखाली लोंबणाऱ्या टोकाला. पहिल्या रांगेत दत्तप्रसादसाहेब मिशीकडे बोट दाखवून डोळे पुसताहेत.

कॅनडाच्या एकाही वाक्याला कोणी हसलेलं नाही.

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही? अस्मिता म्हणाली, आय थॉट इट वॉज द जोक, बाबा. मग विघ्नेशचा प्रवेश आला. प्रमिला उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. अस्मिता रडली. वयच तसं आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

ही कॅसेट कुडाळला जाऊ देणं योग्य नाही. आज ना उद्या सचिव होणाऱ्या माणसाची काही प्रतिष्ठा असते. शौकतला फोन करून विचारलं, मिशीचा भाग कापता येईल का? तो म्हणाला, कापतो ना, पण मग तुम्ही पूर्ण जाता साहेब, विघ्नेशभाईचे चार डायलॉग तेवढे राहतात.

चार डायलॉगसाठी कॅसेट कोण पाठवतं?

खजिनदार रात्रीच्या फ्लाइटने गेले. विघ्नेशचा फोन आला तर सांगायचं, कॉपी खराब आली, दुसरी करून घेतोय. एका अर्थी कॉपी खराबच आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सांस्कृतिक सचिव म्हणून पहिली मीटिंग. पुढच्या वर्षी परत कॅनडा करा असा साहेबांचा आग्रह.

घरी आलो तर प्रमिला अंधारात बसलेली. कुडाळहून फोन होता. ठकुबाई काल गेल्या. विघ्नेशने प्रमिलाला एवढंच सांगितलं, आता कॅसेटची घाई करू नका.

वाईट वाटलं. खरंच वाटलं, जेवणही गेलं नाही. पण शांतपणे विचार केला तर कॅसेटचा प्रश्न आता उरला नाही. तिच्यावर अस्मिताच्या शाळेचा ॲन्युअल डे घ्यावा, म्हणजे मिशी कायमची पुसली जाईल. व्हीसीआरमध्ये घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं, दबेना. काढून पाहिली. मागचा प्लास्टिकचा तुकडा कोणीतरी तोडून टाकलाय, वरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून तोडतात तो. अस्मिताला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, मी तोडला.

त्या भोकावर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होतं, हे मला माहीत आहे. सगळे ड्रॉवर शोधले. घरात चिकटपट्टी नाही. होती ती मिशीला संपली. उद्या खालच्या दुकानातून आणतो. नक्की.