हात नुसता ठेवलेला

३ मार्च
आजपासून चालणे. रोज. ठरलं म्हणजे ठरलं.
उजवा गुडघा झिजलाय, कंबरेच्या मणक्यात जागा कमी झालीय, मांड्यांचे स्नायू सुकलेत. असं फिजिओथेरपिस्टबाई म्हणतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलणं हेडमास्तरांचं. औषध एकच, चाला. काठी घेऊन, सपाट रस्त्यावर, दुखलं की थांबून, पण चाला. मी म्हटलं, काठी कशाला, उभं आयुष्य छपाईच्या प्रेसमध्ये मशीनांच्या मधून चालण्यात गेलंय. त्यांनी तरी काठीची उंची कागदावर लिहून दिली. कागद खिशात आहे. तिथेच राहील.
१५ एप्रिलला कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी. त्यांच्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आधाराशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर मशीन सेक्शन पुन्हा माझं. नाही तर गोडाऊनमध्ये खुर्ची. खुर्चीचा प्रश्नच येत नाही.

४ मार्च
कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीपर्यंत गेलो. पुढे पाय भरून आले, कंबरेखाली मुंग्या. लॉन्ड्रीच्या पायरीवर बसलो. लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, कपडे कुठेत. म्हटलं, उद्या.
रस्त्याला चढ आहे. कुणाच्या लक्षात येत नाही, पण आहे.

५ मार्च
विश्रांती. स्नायूंना विश्रांतीही लागते, कुठेतरी वाचलंय.

६ मार्च
विश्रांती.

९ मार्च
ही म्हणाली, विश्रांती घेऊन घेऊन दमला असाल, आता जरा बाहेर पडा. हिच्या जिभेला हाड नाही.
पडलो. लॉन्ड्रीवाल्याने आधीच स्टूल बाहेर काढून ठेवलं होतं. अपमान गिळून बसलो.
घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडलो. पाणी किती वाया घालवता म्हणून ही दाराबाहेरून बोललीच.

१२ मार्च
सापडलं!
मुलीने ऑफिसला जाताना मला गाडीतून सुपरमार्केटपाशी सोडलं, साबण आणायला. ट्रॉली ढकलत सगळ्या रांगा फिरलो. साबण, पीठ, बिस्किटं, कुत्र्यांचं खाणं. आमच्याकडे कुत्रा नाही, तरी ती रांग दोनदा केली. पाय भरले नाहीत. मुंग्या नाहीत. म्हणजे पाय ठणठणीत आहेत, दोष त्या रस्त्याचाच होता.
ट्रॉलीवर भार अजिबात नव्हता. हात नुसता ठेवलेला.

२० मार्च
सुपरमार्केट रोज. जाताना मुलीची गाडी, येताना रिक्षा. रिकाम्या हाताने बाहेर पडलं की दारावरचा वॉचमन रोखून बघतो, म्हणून रोज एक साबण घेतो. ही म्हणाली, एवढ्या साबणात सात जन्मांची आंघोळ होईल. म्हटलं, ऑफर आहे.

२६ मार्च
फिजिओबाईंकडे. सांगितलं, रोज चालतो, सपाट जागेवर, काठीशिवाय, दुखत नाही. खूश झाल्या. मग विचारलं, कुठे चालता. म्हटलं, बागेत. म्हणाल्या, इथे चालून दाखवा. म्हटलं, आज चप्पल चावतेय. मग एकदम विचारलं, पुढे वाकलं की बरं वाटतं का. ट्रॉलीचा दांडा डोळ्यांपुढे आला. नाही म्हणून सांगितलं. विषय संपला.
व्यायाम वाढवून दिले. आता उभ्याने, कशालाही न धरता करायचे. जमतील तेव्हा करीन.

२ एप्रिल
प्रेसमधून ज्युनियरचा फोन. दोन नंबरचं मशीन वेगळा आवाज करतंय, पण काय बिघडलंय कळत नाही. फोन मशीनजवळ धरायला लावला. नुसती खरखर. मशीन असं ऐकू येत नाही. बाजूने चालत जावं लागतं, चालता चालता आवाज कुठे बदलतो ते पाहावं लागतं. हे मला येतं. दुसरं काही येत नाही.
गोडाऊनमध्ये बसून काय ऐकणार? कागदाची रिमं? मला भीती वाटते. लिहून टाकलं. पुढे वाचायचं नाही.

८ एप्रिल
वॉचमन माझ्यासाठी चांगल्या चाकांची ट्रॉली बाजूला काढून ठेवतो. रोजच्या गिऱ्हाइकाला मान देतात इथे.

११ एप्रिल
घरातल्या पॅसेजमध्ये रंगीत तालीम. उत्तम. भिंत धरली नव्हती, भिंतच मध्ये मध्ये येत होती.

१५ एप्रिल, सकाळ
कडक इस्त्रीचा शर्ट. आज लॉन्ड्रीवाल्याची भेट चालत घेतली, फक्त कपड्यांसाठी. स्टूलवर बसलो ते शिष्टाचार म्हणून. आज सगळ्यांची तोंडं बंद करणार.

१५ एप्रिल, संध्याकाळ
कॉरिडॉरमध्ये धुतलेल्या चादरींची एक ट्रॉली उभी होती. डॉक्टरांनी चाला म्हटलं आणि माझे हात तिच्यावर गेले. मी नेले नाहीत, गेले. त्या टोकापर्यंत झोकात गेलो. डॉक्टर मागून आले, म्हणाले छान, आता ती सोडा आणि परत या.
सोडली. थोडं आलो. मग पाय भरून आले आणि मी कॉरिडॉरमध्ये खाली बसलो, इस्त्रीच्या शर्टासकट. चादरीवाल्या बाईंनी विचारलं, ट्रॉली नेऊ का.
डॉक्टरांनी फिजिओबाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. मी ट्रॉलीचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, वाकून बरं वाटतं एवढं सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात चाकांचा वॉकर देऊन सुरुवात केली असती. तुम्ही मला दुसऱ्याच माणसाबद्दल सांगत होतात, मी त्यालाच व्यायाम देत बसले.
डॉक्टरांनी गोडाऊन लिहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले.

१६ एप्रिल
हिला ट्रॉलीचं पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मुलीने गाडीतून पाहिलं होतं, तिनेच सांगितलं. वॉचमनला चांगली ट्रॉली ठेवायला हिनेच सांगितलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ही म्हणाली, बोलले असते तर तुम्ही ट्रॉलीही सोडली असती.
 

२० एप्रिल
वॉकर आला. पुढे एक पिशवी अडकवली, तीत एक साबण टाकला. कोणी विचारलं तर खरेदी करून येतोय.
गोडाऊनमध्ये पहिला दिवस. कोणी विचारलं नाही.
दुपारी दारातून दोन नंबरच्या मशीनचा आवाज आला. बेअरिंग जातंय, नक्की. बाजूने एक फेरी मारली की कुठलं ते सांगता येईल. फोन केला नाही. स्वतः निघालो. ही एवढीशी वाट. वाटेत थांबावं लागलं, पुन्हा थांबावं लागलं. पोहोचलो तेव्हा पाळी सुटली होती आणि मशीन बंद होतं.
त्याच्या बाजूने चालत गेलो तरीही, शेवटपर्यंत. वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.