सहाच्या आत

३ मार्च, सोमवार

फार उशीर झाला लिहायला, माफी असावी. चष्म्याची काडी मोडली होती. ती चिकटवेपर्यंत फेब्रुवारी संपला. वहीची कोण माफी मागतं, आक्का हसेल. हसू दे. माझं अक्षर तिला लागत नाही, तेवढं एक बरं आहे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर!

आज लेकीने गाडीचं मागचं सीट उपटून घरात आणलं. सगळंच्या सगळं! बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलं, आणि आक्का लगेच त्यावर बसून मटार सोलायला लागली. वर म्हणते, "कंडक्टर आला की माझं तिकीट तू काढ रे." मोठी बहीण आहे म्हणून गप्प बसलो. जन्मभर बस चालवली मी. फाटलेली सीटं पाहिली, पानाने रंगवलेली पाहिली. कोणी धडधाकट सीट मुद्दाम काढलेलं नाही पाहिलं.

सीटाच्या आधी स्टेपनी गेली, जॅक गेला, दारांच्या आतलं अस्तर गेलं, छताचं कापड गेलं. मागचा वायपरसुद्धा! आत आता नुसता पत्रा. टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो.

"वजन कमी केलं की गाडी पटकन उठते, बाबा."

उठायची कशाला? चांगली बसलेली होती!

५ मार्च, बुधवार

नीट समजून घेतलं. गाडी ही अशी, बाजारहाटाची, लहानशी, मागे उघडणारं दार असलेली. हिने तिच्यात टर्बो बसवलाय. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. उभ्या गाडीला शंभराच्या वेगावर न्यायला सहा सेकंदांहून कमी वेळ लागला पाहिजे. मुद्दा एवढाच. माझी बस साठावर जाईपर्यंत प्रवाशांची एक डुलकी व्हायची.

तेवीस तारखेला लांबच्या एका जुन्या धावपट्टीवर गाड्या एकेकट्या पळवून वेळ मोजतात. तिथला आकडा फळ्यावर लागतो, सगळे बघतात. लेकीला तो आकडा का हवा ते मला ठाऊक आहे. तिच्या गॅरेजात लोक येतात ते तेल बदलायला आणि हवा बघायला. इंजिन उघडायचं म्हटलं की विचारतात, "मिस्त्री कुठे गेलेत?" ही समोरच उभी असते, कोपरापर्यंत काळी!

"एकदा सहाच्या आत आकडा लागू दे बाबा. मग विचारू दे मिस्त्री कुठे गेलेत ते."

तिच्या जोडीला एक आहे, त्याला मी लॅपटॉप म्हणतो. इंजिनाला हात न लावता दुरुस्त करतो. डॅशबोर्डखाली वायर खुपसतो आणि ठिणगी कधी पडायची, पेट्रोल किती जायचं, टर्बोने हवा किती दाबायची, सगळं मांडीवर बसून टाइप करतो. माणूस चांगला. मला काका म्हणतो आणि आमचा चहा संपवतो.

आज बंद कारखान्याच्या आवारात मला शेजारी बसवून पळवली. तिथे सरळ रस्ता आहे, चिटपाखरू नाही. काचेला चिकटवलेली एक डबी वेळ मोजते. सहा पूर्णांक तीन. माझं पोट फाटकापाशीच राहिलं, ते चहाच्या वेळी घरी आलं.

८ मार्च, शनिवार

शंभराहून वर गेल्यावर एका उंचवट्यावर गाडीची मागची बाजू उडाली. साफ उडाली! लेक म्हणते, "एवढंसं तर." रिकामी बस अशीच उड्या मारते. माणसं भरली की जमीन धरते. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

९ मार्च, रविवार

एक काम केलं. इथेच लिहितो, बोलणार कुठे नाही.

आक्काच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. ते गेले, दुकान गेलं, लोखंडी वजनं राहिली. आक्काने जपून कॉटखाली ठेवलीत. दहा किलोची दोन, पाच किलोची तीन. लेक केस धुवायला गेली तेव्हा एकेक करून खाली नेली. जुन्या बनियनांत गुंडाळून डिकीच्या तळाला, स्टेपनीच्या रिकाम्या खळग्यात गच्च बसवली. वर तिचीच काळी चटई पसरली. हूं की चूं होणार नाही.

आक्का जिन्यात उभी! "काय रे, डिकीत दुकान मांडतोयस का?"

गप्प बस म्हणालो, पोरीच्या जिवासाठी आहे.

"मी कशाला बोलू? माझ्या वजनांना या वयात फिरायला मिळतंय."

१२ मार्च, बुधवार

काय छान बसली आज! उंचवट्यावरून गेली तर म्हशीसारखी शांत. वेळ सहा पूर्णांक सात. टिंबाच्या पुढचा आकडा असा वाढलेला पाहून लेकीच्या कपाळाला आठ्या, मला मनातून उकळ्या. तोंड मात्र सुतकी ठेवलं.

सुटताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली, रबर जळल्याचा वास आला. हे आधी एवढं नव्हतं. लॅपटॉप म्हणाला, टर्बोच्या पाइपातून हवा गळत असणार. दोघांनी मिळून पुढचा बंपर काढला. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसले. एक बुडबुडा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

क्लच बदलला. फरक नाही. लेक ताटावरून अर्धवट उठली.

१६ मार्च, रविवार

जेवण तसंच ठेवून लिहायला बसलोय.

दुपारी आवारात गेलो होतो. लॅपटॉपने टर्बोचा दाब वाढवला. आकडा खाली आला, सहा पूर्णांक चार. पण तिसऱ्या गिअरला इंजिनातून आवाज आला. टक टक टक, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. ड्रायव्हर झोपेतही ओळखेल. पेट्रोल वेळेआधीच पेटतंय, पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतायत.

मी म्हणालो, "ऐकलंत का?"

लॅपटॉप म्हणाला, "ऐकलं काका. एक धाव सोसेल. धावपट्टीवर अजून थोडा चढवू."

"आणि नाही सोसला तर?"

उत्तर लेकीने दिलं. हात पुसत, अगदी साधेपणाने. "पिस्टन वितळेल. तेल खाली सांडेल." कोणाच्या चाकाखाली ते ती बोलली नाही. तिच्याच! शंभराच्या वेगात!

मग सहज विचारल्यासारखं विचारलं की चाकं फिरतात ती पुढचीच का फिरतात. तिने खाली बसून बोटानेच धुळीत गाडी काढली. "तुमच्या बसला मागची चाकं ढकलायची, बाबा. माणसं भरली की ओझं त्यांच्याच डोक्यावर, म्हणून पकड. हिला पुढची चाकं ओढतात. मागे ओझं टाकलं की पुढचं नाक वर होतं, चाकांचा पाय सुटतो." मग हसून म्हणाली, "म्हणून तर मागचं सीट काढलं! नाहीतर आत्याला बसायला काय मिळालं असतं?"

मी हसलो. हसलो कसा, देव जाणे.

म्हणजे चाकं फिरतात माझ्या वजनांनी. आकडा वाढला माझ्या वजनांनी. तो भरून काढायला हे दोघं इंजिनाचा गळा आवळतायत. पोरगी वाचावी म्हणून केलं, आणि मीच तिला आगीजवळ नेऊन उभी केली.

१७ मार्च, सोमवार

गुपचूप काढून टाकावीत, कोणाला कळणार नाही. पण गाडी आता गॅरेजातच असते, आणि गॅरेजात ते दोघं.

१९ मार्च, बुधवार

डबा द्यायच्या निमित्ताने गेलो. लेक गाडीखाली होती, नुसते बूट दिसत होते. लॅपटॉप फोनवर. डिकी उघडली, चटई उचलली, दहाचं एक हाताला लागलं, आणि कंबरेत अशी चमक भरली की तसाच वाकून राहिलो. ठेवताना पाच लोखंडं आपटत होती तेव्हा काही झालं नाही! लॅपटॉप धावत आला. "काका, काय शोधताय?" चष्मा म्हणालो. चष्मा नाकावर. त्याने मला धरून खुर्चीत बसवलं आणि डिकी लावून टाकली.

बुटांना सांगायचा प्रयत्न केला. "बाई, एक बोलायचं होतं."

"आत्ता नको बाबा. मला काही सुचत नाहीये."

घरी आक्का कंबरेला शेक देत म्हणाली, "दोन दिवस आधी सांगितलंस तर चिडेल. नंतर सांगशील तर सांगायचं कोणाला?" फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

काल इंजिन पुन्हा उघडलं होतं. आज गेलो तर सगळं बाकावर मांडलेलं, ही त्यांच्याकडे बघत बसलेली. हातात पाना, पण हात हलत नाही. लॅपटॉप म्हणत होता, "चुकलं कुठे तेच कळत नाही. परत पहिल्यापासून बघू." ही म्हणाली, "बसवलं मी. म्हणजे चुकलंय मीच."

तेव्हा राहवलं नाही. दारातूनच बोललो, "तू नाही चुकलीस. डिकीतली चटई उचल."

तिने उचलली. बनियनची एक गाठ सोडली. लॅपटॉप डोकावला आणि हसत सुटला, "काका! पस्तीस किलो! एक माणूस लपवला असता तरी चाललं असतं!" ती हसली नाही. दहाचं वजन हातात घेऊन उभी राहिली.

मी म्हणालो, रिकामी गाडी उडते म्हणून. बस भरली की जमीन धरते म्हणून. तुझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून. तेच तेच म्हणत राहिलो.

ती हळू बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, इतके दिवस मी माझ्या हातांवर शंका घेत बसले. लोक घेतात त्याची सवय आहे. मी कधी घेतली नव्हती."

मग लॅपटॉपला म्हणाली, "दाब खाली आण. पहिल्यासारखा." तो म्हणाला, राहू दे ना थोडा, आता तर वजनही गेलं, आकडा फाडून टाकू. "नको. टकटक मलाही ऐकू येते." एवढं म्हणून बाकाकडे वळली. इंजिन जुळवायला बसली. आज हात भराभर चालत होते.

मी उभाच होतो. मग घरी आलो.

२२ मार्च, शनिवार

वजनं तिने आक्काच्या कॉटखाली आणून ठेवली. माझ्याशी बोलली नाही. मीही काय बोलणार? चोराच्या तोंडाला कुलूप.

सकाळी गाडी ट्रेलरवर चढवून घराखाली आणली, आणि दोघं गेली. मी गॅलरीत होतो. निघताना तिने दोऱ्या ओढून पाहिल्या, चाकांच्या पाचरी पाहिल्या, मग उलट्या बाजूने फिरून सगळं परत पाहिलं. मी बस काढायच्या आधी असाच दोनदा फिरायचो. तिला हे कोणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. लहानपणी डेपोत डबा घेऊन यायची, तेवढंच.

वर पाहिलं नाही. हॉर्न मात्र वाजवला. तो लॅपटॉपने वाजवला असेल.

दिवसभर काही गोड लागलं नाही. आक्का त्या सीटावर आडवी होऊन म्हणते, "अरे, गाडी हलकी केलीस, आता तोंड तरी हलकं कर."

२३ मार्च, रविवार

सहज कॉटखाली वाकून पाहिलं. दहाची दोन आहेत. पाचची दोनच! गाडीतच सुटं राहिलं, घरंगळून ब्रेकखाली गेलं तर! फोन केला, बंद. पुन्हा केला, बंद. ओरडत आक्काकडे गेलो तर ती शांत. म्हणते, "ते ती घेऊन गेलीय. धाव झाल्यावर सांग म्हणाली होती, पण तू त्याआधीच मरशील." तिला लेकीने सांगितलं होतं, सुटताना डावं पुढचं चाक हलकं पडून जास्त फिरतं, म्हणून त्याच्या डोक्यावर, आत, नटबोल्टने आवळून बसवलंय. लॅपटॉप नको म्हणत होता. लेक म्हणाली, "बाबांचं ओझं बरोबर होतं. जागा चुकली होती."

भीती वाटते ती वाटतेच. पण आता ही दुसरीच भर! पाच किलो माझं आहे त्या गाडीत. टिंबाच्या आधी पाच आहे ना, पोरी? एवढंच सांग. फोन चालू कर आणि लवकर कळव.