वहिनींच्या सोऱ्याची लेसरवाली दांडी

मयूर विहार, दिल्ली
बुधवार

सौ. अलकनंदा वहिनींना लतिकाचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय म्हणून अर्धीच वाकले आहे, पण मनापासून.) तुमची कंबर कशी आहे? दादा खोकल्याचं औषध घेतो की नुसताच खोकतो? केतकीच्या लग्नाच्या गडबडीत तुम्हाला जेवायलाही सवड नसेल. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत. सोऱ्या मात्र नाही.

फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र लिहितेय. केतकीच्या रुखवताच्या चकल्यांसाठी तुम्ही तीनदा सोऱ्या मागितलात आणि तीनदा मी म्हटलं, कुरिअरवाला येतोच आहे. कुठलाही कुरिअरवाला येत नव्हता. मी मागून आणलेल्या तुमच्या माहेरच्या त्या पितळी सोऱ्याची वरची आडवी दांडी दसऱ्याच्या आधी माझ्या हातात मोडली. भाजणी घट्ट भिजली होती आणि मला धीर नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेला तर तो हात न लावता म्हणाला, आंटी, नया ले लो. नया घेऊन तुम्हाला काय तोंड दाखवू? तुमच्या आईने दिलेली वस्तू आहे ती.

शेवटी सुधन्वाला सांगितलं. तो गुरुग्रामला जिथे नोकरीला आहे तिथे धातूच्या वस्तू छापतात. (सोऱ्या म्हणजे काय, हे त्याला आधी समजवावं लागलं. तो म्हणतो, अच्छा, चकली मशीन! दिल्लीत वाढवल्याची फळं.) तर मैद्याहून बारीक धातूची पूड एका पत्र्यावर पसरायची, वरून लेसर फिरवायचा, जिथे फिरेल तिथे पूड वितळून चिकटते. परत पूड, परत लेसर. एकेक थर केसाहून पातळ, आणि एका दांडीला असे चार हजार थर. एवढं करून पुढे काय करतात ठाऊक आहे? मोडतात! एका मशीनमध्ये दोन टोकं पकडून तुटेपर्यंत ओढतात आणि किती जोर सोसला ते लिहून ठेवतात. मी म्हटलं, अरे, तुला मोडायचा पगार मिळतो आणि मी एक मोडलं तर चोरासारखी तोंड लपवतेय!

दिवाळीआधीच्या एका शुक्रवारी त्याने दांडी आणून दाखवली. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेली, हलकी, हाताला रव्यासारखी खरखरीत. म्हणाला, आई, अजून कच्ची आहे. वितळून लगेच गार होते ना, त्यामुळे आत ताण अडकून राहतो. सोमवारी भट्टीत तीनशे डिग्रीवर दोन तास ठेवली की तो ताण सुटेल. तोवर हात लावू नकोस, प्लीज.

आता शनिवारी मंडळाचा दिवाळीचा फराळ करायचा होता, सोमवारपर्यंत कोण थांबतंय? भट्टी काय, माझ्याकडेही ओव्हन आहे. अडीचशेच्या पुढे त्याचा काटा जात नाही, पण अडीचशे काय नि तीनशे काय! नानखटाईच्या ट्रेमध्ये एका कडेला दांडी ठेवली आणि अर्ध्या तासाने काढली. (नानखटाई जळू नये म्हणून काटा बराच खाली ठेवला होता. ती फार छान झाली.)

मंडळातल्या क्षिप्राच्या स्वयंपाकघरात बाराजणी होतो. मी आधीच सगळ्यांना बजावलं, लेसरची दांडी आहे, कोणी शिवू नका. तीन चकल्या झकास पडल्या. चौथीला कटकन आवाज आला आणि माझं कोपर सरळ भाजणीच्या परातीत. कोणी हसेना, ते जास्त वाईट. मग क्षिप्रा म्हणाली, "लतिकाताई, लेसर संपला वाटतं." मग सगळ्याच हसल्या.

सुधन्वाने तुकडे भिंग लावून बघितले आणि चक्क खूश झाला! (घरात मोडलेली वस्तू बघून आनंदणारा पहिला माणूस मी पाहिला.) म्हणतो, बघ, बरोबर थरावरच उकललीय, आणि आत टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं राहिलीत. मग हळूच कबूल केलं की ऑफिसच्या कामाशेजारी एकच कोपरा रिकामा होता, म्हणून त्याने दांडी उभी छापली होती. उभी छापली की थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसतात आणि आडवा जोर आला की सुटतात. म्हणजे निम्मी चूक त्याची आणि निम्मी माझ्या ओव्हनची. मी त्याची निम्मी जरा मोठी धरते.

दुसऱ्या वेळी साहेबांना विचारून आडवी छापली, पुरते दोन तास भट्टीत ठेवली, घासून गुळगुळीत केली. जोडीला आणखी एक करून ती मशीनवर मोडून बघितली. कच्ची दांडी न सांगता तुटते, भाजलेली आधी वाकून दाखवते आणि मग तुटते, म्हणाला. (आई, तू अजून भट्टीत गेलेली नाहीस, हेही म्हणाला. कमावता मुलगा, मारता येत नाही.) परवा मी दोन किलो भाजणीच्या चकल्या पाडल्या. दांडी जरासुद्धा वाकली नाही.

खोटं बोलले, चुकलेच. राग आला असेल तर दादावर काढा, त्याला सवय आहे. केतकीला आशीर्वाद.

तुमची नणंद,
लतिका

ता.क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. दादा म्हणाला, लग्नाचं सगळं काम केटररकडे दिलंय, लतिकाने नुसतं येऊन बसायचं. वहिनी, मला बसता येत नाही. एकुलत्या एक भाचीच्या लग्नात मला काहीच काम नाही, हे सोऱ्या मोडल्याहून जास्त लागलंय. रुखवताच्या चकल्या मला द्या. चार दिवस आधी येते.

ता.क. दुसरा. दांडी वाकली नाही हे अगदी खरं आहे. पण दुसरा किलो संपता संपता सोऱ्याच्या पितळी स्क्रूचे आटे गेले. सुधन्वा म्हणतो, आधी जोर जास्त झाला की दांडी मोडायची, आता ती मोडतच नाही, म्हणून तोच जोर पुढे जाऊन आट्यांना लागतो. म्हणजे या वेळी चूक माझी नाही, दांडीच्या चांगुलपणाची आहे. तुमच्या पुण्यात सोरे चांगले मिळतात. एक घेऊन ठेवा. दांडी मी आणते.