अकरा पत्रं आणि एक कोरा कागद

९ नोव्हेंबर, रविवार
पंधरा दिवसांवर माझ्या धर्मशिक्षण वर्गातल्या बारा पोरांचं दृढीकरण. बिशपसाहेब येणार, कपाळाला पवित्र तेल लावणार. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेला होकार पोरं आता स्वतःच्या तोंडाने देणार. त्याआधी प्रत्येकाने त्यांना पत्र लिहायचं, हा संस्कार मला का हवा. महिनाभर कानीकपाळी ओरडले. बारापैकी एकानेही ओळ लिहिली नव्हती, आणि फादरना पत्रं आजच हवी होती. शेवटी मीच खडू उचलला. 'मी माझ्या स्वतःच्या इच्छेने...' पासून पुढे दहा ओळी फळ्यावर. अकरा जणांनी मुकाट्याने उतरवून घेतल्या, अक्षरही एरवीपेक्षा बरं. बारावा कागद कोरा. तो आमच्याच एस्तेरचा. घरी लिहिते म्हणाली.

१० नोव्हें., सोम.
लिहिलं नाही. विचारलं तर म्हणते, "त्याच्यात 'स्वतःच्या इच्छेनं' लिवलं हाय. इच्छा तं तुयी होती, आई."
चौदा वर्षांची आहे! धर्मशिक्षण वर्गाच्या बाईचीच मुलगी मागे राहिली तर अख्खं चर्च काय म्हणेल, असं बरंच बोलले. अंतोन पेपरच्या आड हसत होता. बापलेक दोघांशीही अबोला. डबे मात्र भरून दिले.

११, मंगळ.
अकोला. बी.एड.च्या वर्गाला आज 'मुलांची नैतिक वाढ'. मी आपल्या घरगुती भाषेत सांगते: पहिली पायरी, मार पडेल म्हणून खोटं बोलायचं नाही. दुसरी, लोक काय म्हणतील म्हणून. तिसरी, मलाच पटत नाही म्हणून. बाळापूरच्या शबानाने विचारलं, "मॅडम, तिसऱ्या पायरीवरचं लेकरू तुमी सोता पाह्यलं का कधी?" विरळाच असतं, म्हणून पुढे गेले.
परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर यायच्या आत डोक्यात प्रकाश पडला. काल स्वयंपाकघरात दुसऱ्या पायरीवर उभी राहून मीच ओरडत होते.

१३, गुरु.
कळतं पण वळत नाही. आज आधी तिला फादर रागावतील म्हणून घाबरवलं, मग अंजनगावच्या आजीला काय वाटेल म्हणून. दोन्ही पायऱ्या एका दमात. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "देव नको असं मी नाई म्हनून राह्यली. पन आत अजून मले माईत नाई, अन् सगळ्यांसमोर हो म्हनाचं. ते खोटं नाई का?"
वर माझाच जुलैतला धडा मला ऐकवला. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे आपली मर्जी नव्हे. तिला शिकवावं लागतं, त्यासाठी प्रार्थना करावी लागते, जाणत्यांना विचारावं लागतं. पण ती बुद्धी एकदा खात्रीने बोलली, की मग तिच्याविरुद्ध जायचं नाही. त्या दिवशी अर्धा वर्ग जांभया देत होता. ही ऐकत होती!
रागातच होते, तरी छाती फुगली. तिच्या पहिल्या नंबरालाही एवढा अभिमान वाटला नव्हता. तिला अर्थातच सांगितलं नाही.

१६, रवि.
फादरना एस्तेरचं सांगितलं. कपाळाला आठ्या. विवेक की नुसता हट्ट, असं विचारलं त्यांनी. प्रश्न रास्त आहे, मी स्वतःला चार दिवस तोच विचारतेय. म्हटलं, हट्टी मूल मोकळं झालं म्हणून खूश असतं, ही रोज चर्चमध्ये जाऊन बसते. मग त्यांनी यादी पुढे केली. पोरांची तयारी झाली आहे, अशी सही मला करायची होती. पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. सांगून टाकलं, "फादर, ती अकरा पत्रं माझी आहेत."
 त्यांनी कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढून दिला. म्हणाले, परत लिहून आणा, वाकडीतिकडी चालतील.

२०, गुरु.
आली. खरंच वाकडीतिकडी. एकाला हवंय कारण बाबा घड्याळ घेणार आहेत. एकीला, कारण आजोबा गेल्यापासून तिला भीती वाटते आणि तेल लावलं की कमी होईल असं वाटतं. ते वाचून रडू आलं. एकही पत्र परत केलं नाही. बारावं एस्तेरचं, चिकटवलेलं. "बिशपसाहेबांसाठी हाय, तुयासाठी नाई." खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं. पाकीट खाकी. देव हुशार आहे.
यादीवर सही केली. अकरा नावं.

२३, रवि.
मिस्साच्या उपासनेआधी बिशपसाहेबांनी तिला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. दार ओढलेलं. दहाएक मिनिटं. मी बाहेर, कधी नव्हे ती हात बांधून. आली तेव्हा डोळे लाल, चेहरा शांत. काय म्हणाले? "ते आमचं हाय, आई." या पोरीच्या आयुष्यात मला प्रवेश नाही अशी ही पहिली खोली. दुखलं. आवडलंही.
अकरा जण पुढे गेले. ती माझ्याशेजारी बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायली. जेवणाच्या पंगतीत बायकांनी विचारलंच, मॅडमचीच पोरगी राहिली का? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "राहिली नाही. थांबली आहे." अंतोनने लगेच मला जास्तीचा भात वाढला. ही त्याची शाबासकी.
घरी येताना ऑटोत म्हणाली, पुढच्या रविवारपासून लहान्यांच्या वर्गात मागे बसन, प्रश्न विचारले तं चालतीन ना? चालतील, म्हटलं.
पण वर्षभर विचार करून, प्रार्थना करून, सगळ्यांना विचारून हिचं उत्तर 'नाही' असं आलं तर? आज जसा अभिमान वाटतोय तसाच तेव्हा वाटेल का? वाटायला हवा, शिकवते मी तसंच. मला वाटेल की नाही, ते माहीत नाही.