पट्ट्यांवरची पोती

आबा,

"शाळा सोडली, आता फरशीवर प्लायवूड चिकटवून घराचं हाटेल करतो व्हय?" असं तुमी म्हणलात. मला राग आला, मी काम तसंच टाकून गेलो. परत येऊन बघतो तर प्लायवूडच्या पट्ट्यांवर भाताची पोती! फेविकॉल सुकायच्या आधी जितं पट्टी वर येत व्हती, बरोबर तितंच ठेवलीत. म्हंजी तुमी समदं बघत व्हता. आता एक बी पट्टी हालत न्हाई. लय बरं वाटलं, आबा. आईच्या पायाला आता गार फरशी लागणार न्हाई.

पोती एकट्यानं उचलू नका, कंबर धरंल. मी आल्यावर काढतो. हाटेल म्हणलेलं मात्र इसरलो न्हाई.

रिक्षा आली. आईला तळेगावच्या दवाखान्यातनं आणाया निघालो.